जितका लांब, तितका डॉक्टर

चिखल्यात माणूस आजारी पडला की त्याला काय झालं हे कोणी फारसं विचारत नाही. "कुठी दाखवलास गा?" असं विचारतात. उत्तरात आजाराचं नाव आलं नाही तरी चालतं, गावाचं नाव मात्र यावं लागतं. "गोबरवाहीला" म्हटलं, तर विचारणारा उभ्याउभ्या "बरं" म्हणून चालू लागतो. "तुमसरला" म्हटलं, तर मोटारसायकल स्टँडवर लावतो. "भंडाऱ्याला" म्हटलं, तर ओट्यावर टेकतो. आणि "नागपूरला" म्हटलं की थेट आत येतो, पाणी मागतो आणि चहा झाल्याशिवाय हलत नाही. आजार या चारही वेळा तोच असू शकतो. बहुतेक वेळा सर्दी असते.

चिखला हे तुमसर तालुक्यातलं मँगनीजचं गाव. भंडारा जिल्ह्याचं हे उत्तरेचं टोक, थोडं पुढं गेलं की मध्य प्रदेश लागतो. इथल्या पट्ट्यात मँगनीजचा धंदा इंग्रजांच्या सिंडिकेटने सुरू केला तो १८९६ साली. १९६२ मध्ये मॉइल ही कंपनी आली आणि खाण सरकारी झाली. शेजारच्या डोंगरी बुजुर्गची खाण उघडी, आमची जमिनीखालची. त्यामुळे गावात दोन जातींची माणसं राहतात: माईनवाले आणि बिगर-माईनवाले. खऱ्या जाती यांच्या खाली येतात.

माईनवाल्याला माईनचा दवाखाना असतो. त्याला पगार किती हे पाहुण्यांना नंतर कळतं, "घरच्यांचा दवाखाना कंपनीकडे" हे पहिल्या वाक्यात सांगितलं जातं. लग्नाच्या बैठकीत मुलाचं शिक्षण, शेती, स्वभाव यांवर चर्चा होते ती शिष्टाचार म्हणून. मुलीचा बाप मनातल्या मनात आपल्या मुलीची होणारी बाळंतपणं कंपनीच्या खात्यावर टाकत असतो. बिगर-माईनवाला मुलगा कितीही गुणी असला तरी त्याच्या गुडघ्यांना कोणी वाली नसतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

पण माईनवाल्याचं सुख माईनच्या दवाखान्यात जाण्यात नसतं. त्याचं सुख तिथून 'रेफर' होण्यात असतं. दवाखान्यातल्या डॉक्टरने नाडी पाहिली, गोळ्या दिल्या, दोन दिवसांनी ये म्हणाला, तर तो डॉक्टर हलका. त्यानेच न पाहता नागपूरची चिठ्ठी लिहून दिली, तर तो देवमाणूस. एक निवृत्त काकाजी मला म्हणाले होते, "डॉक्टर भला होता जी. कंदी हात नाही लावला."

आता गंमत अशी, की या माणसांना खरोखर होऊ शकणारा एक आजार जगातल्या मोजक्या गावांच्या वाट्याला येतो, आणि तो ओळखायचा तर खाण काय असते हे माहीत असलेला डॉक्टर लागतो. मँगनीजची धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली तर ती मेंदूपर्यंत पोचते. १८३७ साली कूपर नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने मँगनीज दळणाऱ्या कामगारांत हे पहिल्यांदा नोंदवलं. चेहरा मख्ख होतो, चाल बदलते, माणूस कोंबड्यासारखा चवड्यांवर चालायला लागतो, आणि काहींना कारण नसताना हसू फुटतं. (विनोदी लेख लिहिणाऱ्यांनी हे लक्षण वाचून घाबरू नये; आमच्या लेखांना कारण नसताना कोणी हसत नाही.) आपल्या खाण कायद्यात मँगनीजची विषबाधा नोंद करण्याचा रोग म्हणून लिहिलेली आहे. ज्या डॉक्टरला ती आढळेल त्याने सरकारी निरीक्षकाला कळवावं, असा नियम आहे. म्हणून तर कामगारांची ठराविक काळाने तपासणी होते, छातीचा फोटो निघतो. माईनचा डॉक्टर पेशंट दारातून आत येतानाच त्याची चाल बघतो. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात पेशंटला चाकाच्या खुर्चीतून नेतात. तिथं चाल बघायला चालणारा माणूसच मिळत नाही.

बिगर-माईनवाल्यांसाठी सरकार आहे. आधी उपकेंद्र, मग गोबरवाहीचं प्राथमिक आरोग्य केंद्र, मग तुमसरचं उपजिल्हा रुग्णालय, मग भंडाऱ्याचं जिल्हा रुग्णालय, आणि सगळ्यात शेवटी नागपूरचं मेडिकल. ही शिडी कोणा एका बाबूने झोपेत काढलेली नाही. १९४६ साली सर जोसेफ भोर यांच्या समितीने खेड्यातल्या माणसाला घराजवळ डॉक्टर मिळावा म्हणून तिचा पाया घातला. मैदानी भागात तीस हजार लोकांमागे एक प्राथमिक केंद्र, डोंगरी-आदिवासी भागात वीस हजारांमागे एक, असा हिशेब पुढं ठरला. भोरसाहेबांनी सगळ्याचा विचार केला, फक्त एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली नाही: घराजवळचा डॉक्टर हा डॉक्टर वाटत नाही. तो सकाळी त्याच हॉटेलात आलुबोंडा खाताना दिसतो. त्याच्या गाडीचं चाक पंक्चर झालेलं आपण पाहिलेलं असतं. अशा माणसापुढं जीभ बाहेर काढायची म्हणजे कसंसंच वाटतं.

त्यात तो फुकट. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांतले केसपेपरचे पैसेही बंद झाले. आधी निदान खिशातून काहीतरी सुटं जायचं, तेवढा तरी आधार होता. आता औषधं फुकट, तपासणी फुकट, डॉक्टर फुकट; मग बरं तरी कसं वाटायचं? आमच्या शेजारच्या मामीजींनी रक्तदाबाची सरकारी गोळी महिनाभर घेतली. रक्तदाब उतरला. मामीजींनी गोळी बंद केली. म्हणाल्या, "फुकटची गोरी इतक्या लवकर लागू होते म्हंजे काहीतरी गडबड आहे."

खाजगीवाल्याला ही अडचण नसते. त्याच्याकडे सुई असते. आणि सुईच्या वर बाटल असते. आमच्याकडे सलाईनची बाटल ही औषधात मोडत नाही, ती पाहुणचारात मोडते. बाटल लागली की नातेवाईक डब्बे घेऊन येतात, उशाशी बसतात, थेंब मोजतात. साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटर बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी. हे मी एकदा घरात सांगून बसलो. आत्याबाई म्हणाल्या, "मीठच असन, पण वरून येते ना!"

सरकारी केंद्रातला डॉक्टर जुलाब झालेल्याला तेच मीठ आणि साखर पुडीत बांधून देतो. घरी जा, उकळून गार केलेल्या पाण्यात कालव, घोट घोट पी. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी पिंपात कालवून लोकांना पाजलं आणि मरणारी माणसं उठून बसली. 'लॅन्सेट'सारख्या वैद्यकीय नियतकालिकाने पुढं १९७८ साली या शोधाला शतकातला बहुधा सर्वांत महत्त्वाचा म्हणून मान दिला. चिखल्यात त्याला अजून मिळायचा आहे. इथं पुडी हातात पडली की माणूस ती उलटीसुलटी करतो, चोरट्या नजरेनं इकडंतिकडं पाहतो आणि कंपाउंडरला हळूच विचारतो, "सुई नाही लावत का जी?" नाही म्हटलं की तो त्याच पावली खाजगीकडं जातो. पुडी खिशातच राहते. कधी तरी धुण्यात विरघळते आणि शर्टाची प्रकृती सुधारते.

असं असलं तरी चिखल्याची माणसं जवळच्या उपचाराला अगदीच नाकारतात असं म्हणता येत नाही. साप चावला की ती जवळचाच माणूस गाठतात, मांत्रिक. आमचा हिशेब नेमका इथं उलटा होतो. सर्दीला शंभराच्या आसपास किलोमीटर जातात, सापाच्या विषाला मात्र पुढच्या गल्लीपलीकडं जायला वेळ नसतो.

धानाचा मुलूख, रोवणीचे दिवस, बांधावर गवत आणि घरात जमिनीवर अंथरूण. मण्यार रात्री येते, झोपेत चावते, आणि दुखतसुद्धा नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर एकच प्रतिविष चालतं. मुंबईच्या हाफकिनमध्ये ते कित्येक वर्षं तयार होतं आहे, आणि सरकारी दवाखान्यात त्याला पैसे पडत नाहीत. या एका बाबतीत जवळचं सरकारी केंद्र हे नागपूरच्या पंचतारांकित इस्पितळापेक्षा मोठं असतं, कारण ते जवळ असतं. पण मांत्रिकाचं यशही नाकारता येणार नाही. बिनविषारी सापाच्या बाबतीत त्याचा निकाल शंभर टक्के लागतो.

सापावरून विंचू आठवला. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर नावाचे तरुण डॉक्टर होते. लाल विंचू चावलेली पोरं त्यांच्यासमोर दगावत होती आणि पुस्तकात उपाय नव्हता. त्यांनी रात्र रात्र खाटेशी बसून नोंदी ठेवल्या, रक्तदाबाच्या प्राझोसिन या गोळीचा उपयोग दाखवून दिला, आणि तेही 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. म्हणजे जगाला विंचवाचं औषध प्राथमिक केंद्रातून मिळालं. हे मी गावात सांगितलं तेव्हा एकाने विचारलं, "मंग आता ते नागपूरले बसतात का?"

शिडीच्या सगळ्यात खालच्या पायरीवर आशाताई आहे. ती तर गावचीच सून. तिच्या हातचं लोणचं चालतं, सल्ला चालत नाही. बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की बाळाला बघायला ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते. वजन करते, ताप बघते, श्वास मोजते. नवजात बाळाची काळजी घरात घेता येते आणि ती शिकवलेली गावची बाईच घेऊ शकते, हे आमच्या शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी दाखवलं, तिथून ते देशभर गेलं. आशाताई आली की आजी म्हणते, "आली वजनवाली, लपवा बाराले, नजर लागन." मग बाळ कुठल्या कोपऱ्यात लपवलंय ते आशाताई बरोबर ओळखते. तिने त्या घरातली तीन पोरं अशीच शोधून मोजलेली असतात.

लोक सरकारी दवाखान्याला उगाच नावं ठेवतात असंही मी म्हणणार नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. त्यानंतर या जिल्ह्यातली एखादी बाई बाळंतपणाला सरकारीत जायला कचरली, तर तिला हसायची माझी छाती नाही.

तिथून पुढं हसण्यासारखं पुन्हा सुरू होतं ते १०८ च्या गाडीत. २०१४ पासून ही गाडी महाराष्ट्रात फिरते. फोन करा, येते, आत डॉक्टर असतो. येईपर्यंत कोणी बसायचं यावर घरात मतभेद झालेले असतात. थोरला मुलगा, धाकटा मुलगा, जावई, आणि जावई बसतो म्हणून व्याही. पेशंट चढायचा राहून जातो की काय असं वाटतं. मग गाडी निघाली की कोणीतरी पुढच्या खिडकीशी वाकून म्हणतं, "थेट नागपूरले घ्या." ड्रायव्हर म्हणतो, "जवळच्या सरकारी दवाखान्यातच न्यावं लागते जी." संपूर्ण खानदानाचा चेहरा पडतो. पेशंटचा सोडून. तो श्वास घेण्यात गुंतलेला असतो.

ज्यांना कसंही करून नागपूरच गाठायचं असतं त्यांची यात्रा तुमसर रोड स्टेशनावरून निघते. हे स्टेशन तुमसरात नाही, देव्हाडीत आहे. आजारी माणसाची परीक्षा इथूनच सुरू होते. गाडीत खिडकीची जागा पेशंटला मिळते, म्हणजे निदान इतवारीपर्यंत तरी त्याला कोणी हलवत नाही. मग ऑटो, मग धंतोली. धंतोलीत दर दोन घरांमागे एक दवाखाना आहे आणि त्या दोन घरांत बहुधा डॉक्टरच राहतात. गाडी लावायला मात्र जागा नाही. तिथं पेशंटला भरती करायला जितका वेळ लागतो त्याच्या दुप्पट वेळ सोबत आलेल्याची गाडी भरती करायला लागतो. नागपुरात राहणारा भाचा कामाला येतो तो इथं. भाच्याचं शिक्षण, नोकरी, फ्लॅट हे सगळं आपण चिखल्यातून कौतुकाने पाहत आलो ते याच दिवसासाठी.

आत गेल्यावर फाईल काढायची. आपल्याकडच्या आजाराची खरी श्रीमंती त्या फायलीत असते. तुमसरचे रिपोर्ट, भंडाऱ्याचे रिपोर्ट, सोनोग्राफी, कधीकाळचा एक्स-रे, विजेचं एक बिल. डॉक्टर ती न उघडता बाजूला ठेवतात आणि सगळ्या तपासण्या नव्याने लिहून देतात. याने नाराज व्हावं तर नातेवाईक उलट खूश होतात. "पाहा, पहिल्यापासून तपासतात!" पैशाचा प्रश्न निघाला की महात्मा फुले योजना आठवते. २०१२ साली ती राजीव गांधींच्या नावाने काही जिल्ह्यांत निघाली, २०१७ ला फुल्यांच्या नावाने आली, आणि आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. काउंटरवर आरोग्यमित्र बसलेला असतो. मित्र खरोखर चांगला असतो, पण त्याला कागद लागतात, आणि आमच्या झाडीपट्टीत ण आणि न यांच्यात कोणी भांडण लावत नाही. रेशनकार्डावर 'गनपत', आधारावर 'गणपत'. आरोग्यमित्र विचारतो, यातले आपण कोण? काकाजी म्हणतात, "दोनी मीच." योजना एकाच माणसाला असते.

बॉन्डवाल्या डॉक्टरांचं राहिलं. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्या पोरांना एक वर्ष सरकारी सेवा द्यावी लागते, ती अनेकांची आमच्यासारख्या गावांत जाते. आमच्या भागातल्या एका केंद्रात कोल्हापूरकडचा असाच एक तरुण आला होता. पहिल्याच दिवशी एका बाईने त्याला सांगितलं, "पोटात कर येते." तो बराच वेळ विचारात पडला, की हा आयकर की मालमत्ता कर. मग नर्सबाईंनी समजावलं, की इथं कळेला कर म्हणतात आणि डोळ्याला डोरा. महिन्याभरात पोरगा तरबेज झाला. वर्षभर त्याने गावाचं बीपी मोजलं, दोन साप चावलेली माणसं वाचवली, गोळ्या लिहिल्या, सुई मागणाऱ्यांना पुड्या दिल्या. गावाने त्याच्याबद्दल एकमताने ठरवलं, की पोरगा चांगला आहे पण डॉक्टर नाही. त्याचं लग्न कधी, जमीन किती, याची चौकशी झाली. त्याच्या औषधाची झाली नाही.

बॉन्ड संपला, तो पुढं शिकला, एमडी झाला, आणि त्याने नागपुरात दवाखाना टाकला. ही बातमी गावात आली त्या दिवसापासून तो डॉक्टर झाला. काकाजी, मामीजी, आत्याबाई सगळे आळीपाळीने त्याला दाखवून आले. आठशे रुपये फी, दोन तास नंबर. तो प्रत्येकाला नावाने ओळखतो, "डोरा कसा आहे जी?" विचारतो, तीच तपासणी करतो आणि तीच गोळी लिहितो. गेल्या महिन्यात मामीजी परतल्या, तेव्हा त्यांच्या चिठ्ठीच्या खाली त्याने मोठ्या अक्षरात लिहून दिलं होतं: ही गोळी दर महिन्याला गावच्या केंद्रातून मोफत घ्यावी, नागपूरला येऊ नये.

मामीजींच्या ओट्यावर त्या रात्री बरीच माणसं जमली. चहा दोनदा झाला. चिठ्ठी हातोहात फिरली. शेवटी असं ठरलं, की एवढ्या मोठ्या डॉक्टरच्या हाताने लिहिलेलं आहे तर त्याचा नीट अर्थ लावून घ्यायला ती पुण्याला कोणाला तरी दाखवावी.